बाबांचा पहिला नंबर

काल सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर माझ्या तोंडात घास असताना एका गृहस्थांनी माझा दंड धरला आणि रस्त्यापलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सर, सूर्याचा माझा मार्क काऊन कापला?"

पोहेवाल्याच्या हातातला तर्रीचा डाव हवेतच थांबला. दोन कॉलेजची पोरं मोबाईल सोडून माझ्याकडे पाहायला लागली. नागपुरात माणूस मोबाईल सोडून वर पाहतो तो एक तर भांडण पाहायला, नाही तर आभाळ भरून आलंय का ते पाहायला. मे महिन्यात दुसरं शक्य नव्हतं.

मी दहावीच्या उन्हाळी बॅचला विज्ञान शिकवतो, ऑनलाइन. क्लासचं नाव सांगत नाही, कारण पगार तिथूनच यायचा आहे आणि मागचाही थोडा बाकी आहे. सकाळी साडेसहाला वर्ग, शेवटी मोबाईलवर पाच प्रश्न, प्रत्येकाला तीस सेकंद, मग पडद्यावर नंबरांची यादी. त्या यादीत कायम पहिला असणाऱ्या रोहितचे हे बाबा. (मुलाचं नाव बदललंय. बाबांचं बदलायची गरज नाही, त्यांना कुणी नावानं ओळखतच नाही.)

"कोणत्या सूर्याचा?" मी घास गिळत विचारलं.

"सूर्य एकच तं आहे न बाप्पा! परवाचा. सूर्य क्षितिजाच्या खाली असतानाच आपल्याले दिसते, ते काऊन? मी उत्तर देल्लं, तुमच्या मशीननं लाल फुली मारली."

"काय उत्तर दिलं होतं?"

"अपस्करण."

"बरोबर उत्तर अपवर्तन आहे."

"माहीत आहे मले!" ते पोहेवाल्याकडे वळले, जणू निकाल तोच देणार होता. "वातावरण खाली दाट, वर विरळ. किरण वाकते. म्हणून सूर्य सकाळी दोन मिनिटं आधी दिसते अन् संध्याकाळी दोन मिनिटं उशिरा बुडते. दिवस चार मिनिटांनी मोठा वाटते. बोला सर, बरोबर का नाही?"

बरोबर होतं. इतकं सलग, न अडखळता, एकाही मुलानं मला या बॅचमध्ये सांगितलेलं नाही.

"मग चुकलं कसं?"

"चष्मा! चष्मा टीव्हीवर राहिला होता. अर्धा टाइम चष्मा शोधण्यातच गेला. बिनाचष्म्याचं मले दोन्ही 'अप-अप'च दिसून राह्यलं. आता मले सांगा, ही परीक्षा विज्ञानाची आहे का डोळ्यांची?"

"बरोबर बोलून राह्यले साहेब," पोहेवाला म्हणाला. त्याच्या मुलाची फी आमच्याकडे नाही, त्यामुळे त्याला मत असणं परवडतं.

"अन् दुसरं," बाबांनी दंड अजून सोडला नव्हता. "मी रोज अंबाझरीवर फिरायले जातो. सूर्य वर आला का नमस्कार करतो. तुमच्या म्हणण्यानं पहिले दोन मिनिटं तो तिथी नसतेच."

"असतो, पण क्षितिजाखाली. आपल्याला दिसते ती त्याची आभासी स्थिती."

"मंग माझा नमस्कार जाते कुठी?"

याचं उत्तर बालभारतीच्या पुस्तकात नाही. मी पोह्यातला कांदा बाजूला करत बसलो.

"काका, थोडा खाली वाकून करा न," त्या दोन पोरांपैकी एक म्हणाला. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीनं हा सल्ला बिनचूक होता. बाबांनी तो थट्टा म्हणून घेतला नाही. "किती खाली?" त्यांनी मला गंभीरपणे विचारलं. साधारण अर्धा अंश, मी सांगितलं. त्यांनी मान खाली झुकवून, डोळे बारीक करून, ठेल्याच्या गॅस सिलिंडरला एक अर्ध्या अंशाचा नमस्कार करून पाहिला. सिलिंडरमागे बसलेला पोहेवाल्याचा पोरगा उठून उभा राहिला आणि त्यानंही उलट नमस्कार केला.

"वर्गाच्या वेळी रोहित कुठे असतो?" शेवटी मी विचारलंच.

बाबांनी आता कुठे दंड सोडला. "झोपून राहते. कुलरसमोर. रात्री दोनपर्यंत जागते, सकाळी उठवलं का अंगावर येते. म्हटलं, हजेरी तं नको बुडायले. म्हणून पहिल्या दिवशी मी बसलो." मग आवाज एकदम खाली आला. "मंग गोडी लागली सर."

आता गोडी लागलेल्या माणसावर रागवायचं कसं? तरी मी रागावलो. अजून थोडा आहेच.

खरं तर संशय यायला भरपूर जागा होती. वर्गात रोहितच्या खिडकीतून मेसेज येत ते असे: 'आदरणीय सर, सादर वंदन. भिंगाचे सूत्र पुनश्च सांगावे ही नम्र विनंती.' पंधरा वर्षांचा मुलगा 'सर परत' एवढंच लिहितो, तेही लिहिलं तर. पण क्लासच्या ऑफिसनं तो मेसेज 'संस्कारी विद्यार्थी' म्हणून स्टेटसला लावला होता, मग मी कशाला तोंड उघडू?

रोहित आळशी आहे असं त्याच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे. माझं नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन या मुलांच्या अंगात रात्री मोठ्या माणसांपेक्षा उशिरा चढतं आणि सकाळी उशिरा उतरतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्याकडे २०२४ मध्ये सरकारनं शाळा नऊच्या आधी नको असं म्हटलं, पण ते चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. म्हणजे जी पोरं आपणहून सहाला उठून आईच्या पोटावर उड्या मारतात, त्यांना सवलत. आणि ज्यांना खरंच उठवत नाही, ती साडेसहाला माझ्यासमोर. ऑनलाइनमध्ये तर बस पकडायची नसते, वर्गखोली रिकामी करायची नसते. मग साडेसहाच का? मी हे मीटिंगमध्ये विचारलं होतं. उत्तर आलं, "सर, सकाळची बॅच म्हटलं की पालकांना शिस्त वाटते."

बरं, मी हा वर्ग आंधळेपणानं रचलेला नाही. मे महिन्यात कुलर बंद ठेवून (आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून) घामाच्या धारांत याविषयीचं संशोधन वाचून काढलं आहे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचे व्हिडिओ लाखो वेळा पाहिले गेले, ते कसे, याचा अभ्यास २०१४ मध्ये झाला. व्हिडिओ कितीही लांब करा, लोक सहा मिनिटांच्या आसपास गळायला लागतात, असं त्यातून दिसलं. म्हणून मी अपवर्तनाचे तुकडे केले. रिचर्ड मेयर नावाचे मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगताहेत की जे तोंडानं बोलताय तेच पडद्यावर शब्दशः छापू नका, आणि विषयाशी संबंध नसलेली सजावट काढून टाका, कारण डोक्यातली जागा तेवढीच असते. म्हणून मी पडद्यावर फक्त काच, किरण आणि कोन ठेवले. एडिटिंगवाल्या मुलानं त्यावर माझं प्रत्येक वाक्य पिवळ्या अक्षरांत चढवलं, मागे ढोल लावला, आणि किरण किती वाकेल ते सांगणाऱ्या स्नेलच्या नियमाच्या वेळी कोपऱ्यातून एक नाचणारं संत्रं सोडलं. नागपूर म्हणून. मी विरोध केला तर म्हणाला, "सर, एनर्जी पाहिजे न." संत्र्याचा अपवर्तनांक मला एका मुलानं खरंच विचारला. वर्गात कॅमेरा चालू करून विचारलेला तो या बॅचमधला पहिला प्रश्न.

शेवटचे पाच प्रश्न मात्र माझे. त्यांचा मला अभिमान आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की धडा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे असतात, पण आठवड्यानंतर पुढे असतात ते, ज्यांनी पुन्हा वाचण्याऐवजी स्वतःला आठवायला लावलं. म्हणून मी आजचे तीन प्रश्न आणि मागच्या आठवड्यातले दोन, असं मिसळून देतो. ही पद्धत चालते. रोहितच्या बाबांना सोमवारचं अपवर्तन आठवतं, मागच्या आठवड्यातलं भिंग आठवतं, आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते बिलाच्या मागे किरणाकृती काढतात. मी स्वतः पाहिल्या आहेत. आपाती किरणाला बाणसुद्धा होता.

म्हणजे सगळं जमलं, फक्त माणूस चुकला. आणि नीट विचार केला तर तोही चुकला नाही, याचाच जास्त राग येतो. फी बाबा भरतात, वेळ बाबांना पटते, यादी बाबा पाहतात, जाहिरात बाबांसाठी असते. मग वर्गात बाबाच बसले तर बिघडलं कुठे? बाबांकडे स्वतःचा मोबाईल आहे, तो रात्री चार्ज केलेला असतो, झोप झालेली असते, आणि चूक उत्तर देऊन हसं होईल ही भीती तर त्यांना मुळीच नाही. ते हसं करून घ्यायला ठेल्यापर्यंत येतात.

पोरांकडे यातलं काय आहे? माझ्या बॅचमधली एक मुलगी आणि तिची बहीण एकाच फोनवर आहेत. एक नववीत, एक दहावीत, दोघींचे वर्ग एकाच वेळी. एकाचा दिवसाचा डेटा साडेसहापर्यंतच संपलेला असतो, कारण घरातल्या कुणी तरी रात्री बारानंतर मालिका पाहिली. कॅमेरे बंद असतात ते उद्धटपणामुळे नाही. मागे ओटा असतो, झोपलेले आजोबा असतात, बनियनवर फिरणारे काका असतात, आणि या वयात घर दिसण्याइतकी लाज दुसऱ्या कशाची वाटत नाही. 'समजलं का?' असं मी विचारतो तेव्हा सगळी खिडकी काळी. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला न समजलेलं चालतं, पण न समजलेला दिसलेलं चालत नाही. आणि अशा पोरांसमोर आपण रोज नंबरांची यादी लावतो, तळापर्यंत.

यादी काढा, ज्याचे त्याला त्याचेच मागचे गुण दाखवा, तीस सेकंदांचं घड्याळ काढा, वर्ग दहाला घ्या, आणि पाच-सहा पोरांचे छोटे गट करून शंका विचारू द्या, असं मी लिहून दिलं होतं. ऑफिसनं अंगठा पाठवला. तो होकार आहे की पोचपावती, हे अजून कळलेलं नाही. त्यांच्या तक्त्यात एकच रकाना मोठा आहे: 'पूर्ण'. किती जणांनी वर्ग पूर्ण केला. कुणी केला, हा रकानाच नाही.

आणि आज दुपारी ऑफिसातून फोन. उन्हाळी बॅचच्या पहिल्या नंबरचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लावायचा आहे, सर, तुम्ही मागवून घ्या. मी म्हटलं, तुम्हीच मागवा. त्यांनी मागवला. तासाभरात मला त्यांच्याकडून पुढे पाठवलेला मेसेज आला. सफारी सूट, कपाळाला गंध, हातात दहावीचं विज्ञानाचं पुस्तक, डोळ्यांवर चष्मा. खाली लिहिलं होतं, 'आदरणीय महोदय, रोहितचा फोटो पाठवणे मनाला पटले नाही. खोटे बोलू नये असे मीच त्याला सांगतो. माझा चालत असल्यास लावावा.'

मला वाटलं, आता तरी ऑफिसला वास्तव दिसेल. यादी जाईल, वेळ बदलेल, निदान एक मीटिंग तरी होईल. मीटिंग झाली. वीस मिनिटांत निर्णयही झाला. पुढच्या महिन्यापासून 'पालकांसाठी दहावी' अशी वेगळी बॅच, सकाळी साडेपाचला, अर्ध्या फीमध्ये, फ्लेक्सवर बाबांच्या फोटोसकट. बॅच मी घ्यायची आहे. मानधनाचं विचारलं तर म्हणाले, "सर, आधी रिस्पॉन्स तं पाहू."