माझे पैसे आता परदेशी आहेत

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला तेव्हा कॉलेजच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'लोकल संस्थांना एक रुपया देऊ नका रे, निम्मा ऑफिसातच जिरतो, द्यायचेच तर मोठ्या नावाला द्या, नाहीतर एनडीआरएफ आहेच.' खाली अकरा अंगठे. इथे जर्मनीत रात्रीचे साडेअकरा, सकाळी लवकर शिफ्ट, तरी डोकं फिरलं ते फिरलंच.

अरे, एनडीआरएफ बोटी घेऊन येतं, माणसं काढतं, पुढच्या ठिकाणी जातं. कामच ते त्यांचं, आणि चोख करतात. पण पाणी ओसरल्यावर कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाच्या नावावर सातबाराच नाही म्हणून पंचनाम्यात तो येणारच नाही, हे कोण सांगणार?

१९९३ ला किल्लारीच्या भूकंपानंतर आम्ही हॉस्टेलची पोरं ट्रकभर जुने कपडे घेऊन गेलो होतो. तिथे आधीच कपड्यांचे ढीग, पावसात भिजलेले. पत्र्याच्या शेडमध्ये एक ताई दोनशेपानी वही घेऊन बसलेल्या, घरटी एक ओळ, किती गेले, किती उरले, कोण दवाखान्यात. पुण्या-मुंबईला गेलेल्यांच्या नावापुढे फक्त 'बाहेर'. आमच्या गाठोड्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. म्हणाल्या, "कंदील आणलेत का?" नव्हते आणले. पुढे त्याच भागात हजाराहून जास्त गावांत घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात महिला मंडळांच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या, म्हणजे गाव आणि सरकार यांच्यातला दुवा. ग्रुपवर हे कोणाला आठवत नाही.

आता तुलना करतो, शिव्या घाला. इथे जर्मनीत आमच्या गावात आग लागली की बेकरीवाला आणि शाळेतला मास्तर धावतात, फ्रायविलिगे फॉयरवेअर, म्हणजे स्वयंसेवकांचं अग्निशमन दल, देशभर असे दहा लाखांच्या आसपास. काम सोडून गेलं तर पगार कापत नाहीत, मालकाला ते पैसे भरून मिळतात. गाडी, हेल्मेट, ट्रेनिंग, सगळं आग लागायच्या आधी, आणि त्याला कोणी ऑफिसखर्च म्हणत नाही.

हे टाकलं तर त्याने लगेच २०२१ काढलं, आर नदीच्या पुरात तुमच्याकडे १३० च्या वर गेले ना? गेले. जिल्ह्याने आपत्ती जाहीर केली ती रात्री अकरानंतर. मी त्यावर फक्त चिखल काढायला ट्रॅक्टर घेऊन आलेल्या शेतकऱ्यांचं लिहिलं. सोयीचं तेवढं.

आणि एक मान्य करतो, वही ज्याच्या हातात त्याची आळी आधी. २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूत दलित वस्त्यांना मदतीतून डावलल्याचं समोर आलंच होतं. मग त्या वस्तीतल्या कोणाच्या तरी हातात दुसरी वही द्या की, सगळ्या वह्या दिल्लीत कशाला?

पण चाललंय उलटंच. २०१६ ला इस्तंबूलमध्ये मोठमोठ्या देणगीदारांनी कबूल केलं की २०२० पर्यंत २५ टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना, प्रत्यक्षात थेट पोचणारा वाटा त्याच्या जवळपासही गेला नाही. आपल्याकडे २०२० मध्येच एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, परदेशी देणगी घेणाऱ्या मोठ्या संस्थेला ती गावातल्या छोट्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर. छोटीने स्वतः नोंदणी करावी म्हटलं तर तीन वर्षांत किमान १५ लाख खर्च केलेला दाखवा. हिशेबनीस ठेवायला पैसे नाहीत, आणि हिशेब नाही म्हणून पैसे नाहीत.

तरी एवढं भांडून झाल्यावर मी तिकडच्या एका छोट्या संस्थेला पैसे पाठवायला गेलो. त्यांच्या माणसाने फोनवर अगदी आदबीने विचारलं, "सर, पासपोर्ट कुठला?" मी दोन वर्षांपूर्वी जर्मन घेतलाय. भारतीय असता तर परदेशात राहूनही चाललं असतं, आता परदेशी झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी माझा रुपया परदेशी, आणि त्यांची नोंदणी नाही. "राहू द्या सर, तुम्ही आठवण काढलीत." पाच मिनिटं फोन हातातच धरून बसलो होतो. ग्रुपवर हे लिहिलं नाही, त्या अकरा अंगठ्यांना आयतंच सापडलं असतं.

आणि इथला तरी मी कुठला लोकल? फॉयरवेअरचा फर्डरमिटग्लीड, म्हणजे नुसता वर्गणी देणारा सभासद, वर्षाला पैसे आपोआप कापले जातात. मंगळवारच्या सरावाला ये म्हणून दोनदा बोलावलं, दोनदा मीटिंग आहे सांगितलं. नव्हती.

हे लिहितोय तर शेजारच्याचा पेजर वाजला. घरच्या चपला घालूनच पळाला, गाडीचं दार, मग कोपऱ्यावर लाल दिवे. मी खिडकीपर्यंत गेलो. ग्रुपवर अकराचे चौदा अंगठे झालेत.