लिनक्स टाकू की नको टाकू

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो, आणि माझ्या लॅपटॉपकडे यातलं काहीच नाही. दोष कुणाचा नाही, लॅपटॉपच म्हातारा झालाय. सिक्युरिटी अपडेट वर्षभर वाढवून मिळत होते ते घेतले, कारण निर्णय पुढे ढकलायची संधी मी कधी सोडत नाही.

तर भाचा म्हणाला, "मामा, विंडोजच्या जागी लिनक्स टाक ना, फुकट आहे." म्हटलं टाकू. तर लगेच, "कुठलं?" आता मला वाटत होतं लिनक्स म्हणजे लिनक्स, पण नाही, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये आपला हौस म्हणून कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिहिला आणि नंतर लोकांनी त्याच्याभोवती उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन असे संसार थाटले, आणि प्रत्येक संसारात परत डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवरचं रूपडं, कुठला ते निवडायचं, केडीई की नोम की सिनॅमन. म्हणजे एक निर्णय होत नव्हता म्हणून याच्याकडे गेलो तर त्याने अजून आठ हातात दिले.

"पण माझं हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर?"

"वाइन घे मग."

वेळ सकाळची होती. नंतर कळलं की वाइन हा लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम आहे, सगळे चालतातच असं नाही, पण बरेच चालतात.

शेवटी मिंट पेनड्राइव्हवर घेतलं. यातली सोय माझ्यासारख्यासाठीच केली असावी, इन्स्टॉल न करता नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघायचं, हार्ड डिस्कला धक्का नाही. वायफाय लागलं, आवाज आला, प्रिंटरने तर न विचारता कागद ओढला (विंडोजवर त्याची मनधरणी करावी लागायची, पण तो प्रिंटरच तसा आहे). डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' चा आयकॉन होता, त्याच्याकडे बघायचं मी टाळत होतो. असे तीन आठवडे गेले. भाचा म्हणाला, "अरे डुअल बूट कर, दोन्ही ठेव." म्हणजे आता रोज सकाळी लॅपटॉप लावताना पण निर्णय घेऊ!

मग परवा रात्री ठरवलं, बास. तिथेच लिब्रेऑफिस उघडलं, दोन कॉलम केले, फायदे आणि तोटे, अगदी मन लावून दोन तास लिहिलं, बेचाळीस मुद्दे झाले, आणि पहिल्यांदाच उत्तर स्पष्ट दिसलं. फाइल डेस्कटॉपवर सेव्ह केली, समाधानाने शटडाऊन केलं आणि झोपलो.

सकाळी भाच्याला फोन केला की फाइल दिसत नाहीये.

"लाइव्ह सेशनमध्ये केलीस? मामा, ते सगळं रॅममध्ये असतं, बंद केलं की गेलं."

बेचाळीसपैकी सहा मुद्दे आठवतायत, सगळे तोट्याचे. यादी परत करायला बसलोय, या वेळी कागदावर.