आकडा चढायलाय

माझ्या घरगुती ट्रान्सिव्हरची, म्हणजे बोलायच्या-ऐकायच्या रेडिओ सेटची, डायल आत्ता-आत्तापर्यंत एका लग्नपत्रिकेची होती. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर कंपासनं काढलेलं अर्धवर्तुळ, पेन्सिलीच्या खुणा आणि नॉबला चिकटवलेली केरसुणीची काडी. हौशी रेडिओवाल्यांना आपल्याकडे चाळीस मीटरच्या लहरींवर ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ एवढा पट्टा दिलाय, तो त्या अर्धवर्तुळात सुखानं नांदत होता. काडी चांगली जाड होती. एका वेळी चार-पाच किलोहर्ट्झ झाकायची. तेवढ्यात मी कुठंही असलो तरी माझं कुणाशी भांडण नव्हतं.

मग दुर्बुद्धी सुचली आणि मी लाल आकड्यांचा डिजिटल डिस्प्ले मागवला.

जोडला, बटण दाबलं. आकडा आला ४९००.१२. घाम फुटला. लायसन ७००० च्या वरचं आणि आपण ४९०० वर बसलोय! हात आधी माइकवरून काढला. शेजारून आई म्हणाली, "का रं, पेट्रोल पंपावर असतंय तसलंय का हे? किती झालं?"

खरं म्हणजे घाबरायचं कारण नव्हतं. डिस्प्ले खोटं बोलत नव्हता, फक्त आपण विचारलं एक आणि तो सांगत होता दुसरंच. आई ज्या रेडिओवर परभणी आकाशवाणी १३०५ वर ऐकायची, त्याच्या पोटातला ऑसिलेटर, म्हणजे सेटची स्वतःची लहर काढणारं सर्किट, तोसुद्धा १३०५ वर कधीच नसायचा. तो ४५५ नं वर, १७६० वर घुमायचा, आणि दोन्हींतला फरक ४५५ आला की पुढचं गाणं. माझा सेट बिटएक्स, हैदराबादच्या अशर फरहान यांनी घरी जुळवता यावा म्हणून मांडलेला. त्यात आलेला सिग्नल आणि ऑसिलेटर यांची बेरीज १२००० च्या आसपास व्हावी लागते. ऑसिलेटर ४९०० म्हणजे आपण ७१०० वर. डिस्प्ले बिचारा ऑसिलेटरच मोजतो. वजाबाकी त्याला शिकवावी लागते. तोवर सगळी उलटी गंगा: नॉब वर फिरवा, आकडा खाली.

शिकवली. तर दीड किलोहर्ट्झाची खोट. बरोब्बर १२००० टाकून भागत नाही, आवाज परत उभा करणारा दुसरा ऑसिलेटर जिथं बसलाय तो आकडा टाकावा लागतो. माझा निघाला ११९९८.५०. ह्यात एक अख्खा रविवार गेला. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता शेवटचा आकडा. तो जागेवर बसेचना. ३, ४, ३, ३, ४. आधी मला वाटलं सोल्डर कच्चं आहे. पण डिस्प्लेचं मोजणं मोंढ्यातल्या धान्याच्या कट्ट्यांसारखं आहे, ऑसिलेटरचं एक कंपन म्हणजे एक कट्टा. फाटक उघडलं, सेकंदाच्या दहाव्या भागात जेवढे कट्टे आत आले तेवढे मोजले, फाटक बंद. ४९०० किलोहर्ट्झ म्हणजे तेवढ्यात चार लाख नव्वद हजार कट्टे. आणि फाटक लागताना एक हमाल नेमका उंबऱ्यात, पाठीवर कट्टा घेऊन उभा! तो कधी आत धरला जातो, कधी बाहेर. दहाव्या भागातला एक कट्टा म्हणजे सेकंदाला दहा, म्हणजे दहा हर्ट्झ, म्हणून शेवटचा आकडा कायम एकानं नाचणार. फाटक सेकंदभर उघडं ठेवलं तर हर्ट्झ-हर्ट्झाचा हिशेब लागतो, पण मग नॉब फिरवल्यावर आकडा सेकंदानं उत्तर देतो. तेवढा धीर माझ्यात नाही.

शिवाय सहा आकडे एकदम पेटतच नाहीत. पंगतीत एकच वाढपी इतका जोरात फिरतो की प्रत्येकाला वाटतं, तो माझ्याच पानापुढं उभा आहे. मोबाईलचा कॅमेरा धरला की वाढप्याची पळापळ दिसते. दिसली असती तर चाललं असतं, पण ती रेडिओत ऐकूही यायला लागली. गुर्रर्र. शेवटी डिस्प्लेला बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कोंडला आणि डब्याला अर्थिंग दिलं तेव्हा घर शांत झालं.

तेही दिवसापुरतंच. मे महिना, परभणीचं ऊन, खोलीत कूलर. कूलरच्या पट्ट्या पलीकडं वळल्या की ऑसिलेटरची गुंडाळी तापणार, त्याची फ्रिक्वेन्सी उतरणार आणि वजाबाकीमुळं माझा आकडा वर जाणार. पट्ट्या इकडं आल्या की खाली. हे आधीही होत असणार, पण केरसुणीच्या काडीनं कधी चुगली केली नव्हती. आता सगळं घर पहाऱ्यावर. "अहो, तुमचा आकडा चढायलाय!" बायको स्वयंपाकघरातून. "उतरला बघा!" आई खाटेवरून. मी बीपीच्या गोळ्या घेतो हे शेजारच्या काकूंना माहीत आहे. त्या दोनदा विचारपूस करून गेल्या.

परवा सकाळी, ऊन चढायच्या आत, लातूरचे भाऊ रेडिओवर भेटले. मी मोठ्या दिमाखात सांगितलं, मी बरोब्बर ७१००.०० वर.

"न्हाई," भाऊ म्हणाले. "माझ्या डिस्प्लेवर तुम्ही शंभर हर्ट्झ वर हाव."

फाटकाची वेळ ठरवणारा क्रिस्टल दहा लाखाला वीसनं चुकला, तरी ४९०० वर ९८ हर्ट्झाचा घोळ होतो. पण तो माझा चुकलाय की त्यांचा? अर्धा तास हेच. ते म्हणाले, माझा कंपनीचा सेट हाय. मी म्हणालो, कंपनीला का ऊन लागत नाही? हवापाणी, तब्येत, पोरं काय करतात, एक शब्द विचारायचं राहून गेलं.

तेवढ्यात मधेच सेलूचे गुरुजी आले. त्यांची डायल अजून पुठ्ठ्याची आहे.

"मला तर दोघंबी एकाच जाग्यावर ऐकू यायलात," ते म्हणाले. "चहा झाला का?"