स्प्रिंग कापून अन् सिअर घासून ट्रिगर सुधारत नाही

सगळीकडे फिरणारा सल्ला असा: बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलचा (जिचा दांडा, म्हणजे बोल्ट, हाताने मागेपुढे करून गोळी भरतात) कंपनीचा ट्रिगर जड असतो, त्याच्या स्प्रिंगची दोन वेटोळी कापा, सिअरला (ट्रिगर ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा भाग) पॉलिश पेपर मारा, की नवा ट्रिगर न घेताच नेम सुधारतो. यातलं पहिलं विधान बऱ्याचदा खरं आहे. पुढचं धोकादायक आहे.

‘वेटोळी कापा.’ कापल्यावर सुरुवातीचा दाब घटतो, पण उरलेली स्प्रिंग आधीपेक्षा ताठ होते. कापलेलं टोक सपाट बसत नाही, स्प्रिंग तिरकी होऊन घासते आणि ओढ, म्हणजे ट्रिगर दाबायला लागणारं बळ, दर वेळी वेगळी लागते. शिवाय बहुतेक रचनांत ट्रिगरला सिअरखाली परत आणते तीही हीच स्प्रिंग. तिचा दाब कमी पडला, की बोल्ट जोरात बंद करताच फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी पिन) सुटू शकते. हलकी ओढ हवी असेल तर त्याच मॉडेलसाठी बनवलेली हलकी स्प्रिंग घ्या.

‘सिअरला पॉलिश पेपर मारा.’ हा सल्ला सर्वांत घातक. ट्रिगर आणि सिअर एकमेकांवर साधारण अर्धा मिलिमीटरच टेकलेले असतात. त्यातला 0.1 मिलिमीटर गेला, तर पकडीचा पाचवा हिस्सा गेला. बोटाखालच्या कागदाने कडा गोल होतात, कोन बदलतो. अनेक सिअर फक्त वरच्या पातळ थरात कडक केलेले असतात. तो थर घासला गेला, की आतलं मऊ पोलाद प्रत्येक वापराला झिजतं. म्हणून अशी रायफल पहिल्या दिवशी छान वाटते आणि पुढे कधीतरी आपोआप सुटते.

खरखर जाणवत असेल तर दोष अनेकदा आत चिकट झालेल्या जुन्या तेलाचा असतो. बोल्ट काढा, ट्रिगर लायटरच्या इंधनाने धुवा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा तेल घालू नका. एवढ्यानेच पुष्कळदा काम भागतं.

‘नेम सुधारतो.’ नळीची मूळ अचूकता ट्रिगरने बदलत नाही. 3.5 किलोची रायफल 2.5 किलोच्या ओढीला हलते. ओढ कमी झाली की नेमबाजाच्या हातून होणारी ही हालचाल तेवढी कमी होते.

आणखी एक सल्ला ऐकू येतो: ‘स्क्रू फिरवून लॉकटाइट (स्क्रू जागेवर धरणारं चिकटद्रव्य) ओता.’ ओतायचं नाही! 2014 मध्ये अमेरिकी रायफल कंपनी रेमिंग्टनने मॉडेल 700 आणि मॉडेल सेव्हनचे एक्स मार्क प्रो ट्रिगर परत मागवले, ते जोडणीत वापरलेल्या जादा चिकटद्रव्यामुळे. पुस्तिकेतल्या मर्यादेत फक्त ओढीचा स्क्रू फिरवा, आट्यांच्या बाहेरच्या टोकाला एक बारीक थेंब द्या. पकडीचा स्क्रू शस्त्र-कारागिरावर सोडा.

कोणत्याही बदलानंतर दारूगोळा दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मग बोल्ट 20 वेळा जोरात बंद करा. सेफ्टी लावून ट्रिगर ओढा, सोडा आणि सेफ्टी काढा. पिन चढवलेल्या, म्हणजे ट्रिगर ओढायला तयार पण रिकाम्या, रायफलला चारही बाजूंनी रबरी हातोडीने ठोका. शेवटी गेजवर 10 वेळा ओढ मोजा. या सगळ्यात पिन एकदा जरी आपोआप सुटली, तरी पुन्हा समायोजन करत बसू नका. मूळ भाग परत बसवा.