शोभायात्रेला चला, पण पाणी पिऊ नका

पाडवा होऊन आठवडा झाला, माझी मनगटं अजून दुखतायत. तरी पुढच्या वर्षी कुणा व्हीलचेअरवाल्याला शोभायात्रेची हौस आलीच, तर माझा अनुभव वाया जायला नको. म्हणून चार गोष्टी सांगून ठेवते.

निघताना कडुनिंबाची चटणी दोन चमचे जास्तच खा. दिवसभर हसतमुख राहायचंय.

पाणी पिऊ नका. (फिरतं शौचालय असतं, हो. ते स्वतः चाकांवर असतं, पण चढायला तीन पायऱ्या.)

नऊवारी जरूर नेसा. बसल्यावर काष्ट्याचा बोळा मागे टोचत राहतो आणि पदर चाकात जातो. माझा भाचीने कात्रीने सोडवला. पैठणी नव्हती, एवढंच नशीब.

1999 साली डोंबिवलीत पहिली स्वागतयात्रा निघाली, मग ते लोण आमच्या उपनगरातही आलं. आता तर रांगोळी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत असते. तिच्यावरून चाक नेऊ नका, पाप लागेल. "ताई, जरा बाजूने घ्या ना." बाजूला फुटपाथ, आणि फुटपाथच्या तोंडाशी दुचाक्या चढू नयेत म्हणून लोखंडी खांब. दुचाक्या त्यांच्यामधून झोकात जातात. अडकते ती खुर्ची.

सोबत कुणीतरी न्याच, म्हणजे लोकांना बोलायची सोय होते. "ह्या चहा घेतात का?" असं भाचीला विचारतात, मी दोन फुटांवर असताना.

आणि व्यासपीठावर बोलावलं तर अजिबात नाही म्हणू नका! यंदा मला बोलावलं. 'दिव्यांग भगिनींचा सत्कार.' (2015 पासून आम्ही दिव्यांग आहोत. त्याआधी अपंग होतो, तेव्हाही पायऱ्या एवढ्याच होत्या.) स्टेज चार फूट उंच. एक फूट चढायला बारा फूट उतार, म्हणजे रॅम्प अठ्ठेचाळीस फुटांचा हवा. इथे आठ फुटांची प्लायची फळी, वर हिरवं कार्पेट. पुढची छोटी चाकं त्यात रुतली आणि कार्पेटच गोळा होऊन वर आलं. मग चार कार्यकर्ते धावले. "उचला रे!" मला कुणी विचारलं नाही. एकाने हाताची दांडी धरली, जी निघते. निघालीच. मी तिरकी, ढोल-ताशा जोरात, आणि निवेदक माईकवर सांगतोय, "बघा, ही जिद्द!" कसली जिद्द? मी भीतीने किंचाळत होते, ढोलात ऐकू गेलं नाही. वर नेऊन फेटा बांधला, नारळ दिला, फोटो काढला. मग प्रमुख पाहुणे गेले, त्यांच्या मागे कार्यकर्ते गेले. मी राहिले वर. पावणेदोन तास! चैत्राचं ऊन, डोक्यावर फेटा, मांडीवर नारळ. मंडपवाले खुर्च्या गोळा करायला आले, तेव्हा त्यांच्यातला एक विचारतो, "ही पण आपलीच का?"

परवा फेटा परत न्यायला एक कार्यकर्ता आला. चांगला मुलगा आहे. म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी पण यायचं हं." मी म्हटलं, रॅम्पचं काय? तर म्हणे, "कशाला? आम्ही आहोत ना, उचलू की!"

नका उचलू. मी काय पालखी आहे? ढोलपथकाचा सराव महिनोन्‌महिने चालतो, रांगोळीचा आराखडा आधी ठरतो, आणि रॅम्प आदल्या रात्री उरलेल्या प्लायमधून? दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे. सुगमतेचे नियम ऐच्छिक नकोत, सक्तीचे करा, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगून झालंय. तुम्हाला मात्र अजून ती मेहेरबानी वाटते. रांगोळीत चार फुटांची वाट सोडा. एका तरी शौचालयाला पायऱ्या नकोत. आणि सत्कार खालीच करा, रस्त्यावर, पाहुण्यांना खाली उतरवून. त्यांना पाय आहेत.

नारळ अजून तसाच पडलाय. तोही घेऊन जा.