दगड कुठल्या वर्गात मोडतो?

जपानच्या एका ऑनलाइन दुकानातून मी धार लावायचे दगड मागवले. का, ते विचारू नका. घरात एक जपानी सुरी आली आहे. ती सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याला दिली, तर ठिणग्यांबरोबर पात्याचं पाणीही उतरेल. दुकान फक्त अशा दगडांचंच. प्रत्येक दगडाला नंबर. नंबर मोठा तितके कण बारीक. 1000 रोजच्या धारेला, 6000 शेवटच्या चकाकीला. पैसे भरले आणि निश्चिंत झालो.

मग कुरिअर कंपनीतून एका बाईंचा फोन आला.

"सर, तुमच्या पार्सलमध्ये स्टोन आहेत."

"हो."

"प्रेशस की सेमी-प्रेशस?"

"धार लावायचे."

"मग सेमी-प्रेशस टाकू?"

मी हसलो. पलीकडे कोणी हसलं नाही. मग मी माझा अभ्यास बाहेर काढला. कस्टम्समध्ये प्रत्येक मालाला वर्गाचा एक कोड असतो; रत्नं 7103 मध्ये येतात, हाताने धार लावायचे दगड 6804.30 मध्ये. हा कोड जगभर चालतो. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण उत्साहाच्या भरात मी म्हणालो, "त्याच 6804 मध्ये दळायचं जातंसुद्धा येतं, बघा!"

"सर, पार्सलमध्ये जातं पण आहे? ते डिक्लेअर केलेलं नाही."

जातं नाही, हे पटवण्यात बराच वेळ गेला. वजन विचारून झालं. मग शंका आली, की एका माणसाला तीन दगड कशाला? विकायला का?

"दोन सुरीसाठी. तिसरा त्या दोघांसाठी."

"म्हणजे?"

"घासून घासून दगडाला मध्ये खळगा पडतो. तो सपाट करायला तिसरा दगड."

टकटक टाइप केल्याचा आवाज आला, मग बंद झाला.

"आणि सर, तिसऱ्याला खळगा पडला तर?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच जास्त झोंबला. अशा वेळी चौथा दगड घेणारे लोक जगात आहेत. क्योतोभोवतीच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या नैसर्गिक दगड काढत. आता बहुतेक खाणी बंद पडल्या आहेत आणि त्यातल्या काही जुन्या दगडांना लाखांत भाव येतो. म्हणजे बाईंचा पहिला प्रश्न तसा वेडगळ नव्हता. पण हे मी फोनवर बोललो असतो, तर दगड थेट तिजोरीत गेले असते. माझे आपले कारखान्यात बनलेले, साधे.

शेवटी आधार कार्ड, पैसे भरल्याचा पुरावा आणि 'सदर दगड दागिन्यांसाठी नाहीत' असं सहीनिशी पत्र दिल्यावर पार्सल सुटलं. मग बिल आलं. ड्युटी ठीक, ती सरकारची. पण आमच्या वतीने ड्युटी भरली म्हणून कंपनीचं वेगळं शुल्क, त्या शुल्कावर जीएसटी, आणि खाली गोदामभाडं! प्रश्न यांचे, वेळ यांनी घालवला, आणि तेवढे दिवस दगड पडून राहिला त्याचं भाडं मी द्यायचं. दगडाला पडून राहण्याखेरीज दुसरं येतं काय?

तक्रार केली. उत्तर आलं, "चौकशी चालू असताना माल सुरक्षित ठेवावा लागतो, सर."

दगड, आणि सुरक्षित! कोण पळवणार होतं, आणि पळवून कुणाच्या डोक्यात घालणार होतं? माझ्या डोळ्यांसमोर एक डोकं होतं, पण ते मी लेखी कळवलं नाही.