प्रतिक्रियेला उत्तर : कोपबाई आणि तो एक फोन

काका, नमस्कार. स्वित्झर्लंडच्या माजी मंत्री एलिझाबेथ कोप यांच्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली.

'एलिझाबेथ कोपना तुम्ही बळी ठरवून मोकळ्या झालात. नवऱ्याला आतली खबर देणारी मंत्री ती! आमच्या बँकेत कुणी असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं,' असं तुम्ही लिहिलंय. लेख घाईत वाचलात, असं म्हणणार होते. पण स्वतःच पुन्हा वाचला, तर फोनचा प्रसंग मी दोन ओळींत उरकलेला. म्हणजे चूक माझी.

तर तो फोन. 27 ऑक्टोबर 1988. बाई स्वित्झर्लंडच्या न्याय आणि पोलीस खात्याच्या मंत्री, यजमान झ्युरिकच्या शकार्ची ट्रेडिंग कंपनीच्या संचालक मंडळाचे उपाध्यक्ष. काळ्या पैशाच्या एका तपासात कंपनीचं नाव येतंय, हे बाईंना त्यांच्या सहायिकेकडून कळलं. त्यांनी नवऱ्याला फोन लावला : तिथून बाहेर पड. तो त्याच दिवशी पडला. तुमच्या बँकेचा दाखला इथे चपखल बसतो, मान्य. त्याहून वाईट म्हणजे नंतर आठवडेच्या आठवडे त्या गप्प राहिल्या. डिसेंबरात बातमी फुटली, आधी फेब्रुवारीअखेरचा राजीनामा, मग 12 जानेवारी 1989 ला तडकाफडकी. 1990 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयताभंगाच्या आरोपातून त्यांना निर्दोष सोडलं. पण तोवर कारकीर्द संपली होती.

'मग कारकीर्द ती काय उरली?' हे मात्र पटत नाही. 2 ऑक्टोबर 1984 ला सात जणांच्या स्विस मंत्रिमंडळात पहिल्यांदा एक बाई निवडून गेली. त्या दिवशी आपेन्झेलच्या दोन्ही कँटनांत (कँटन म्हणजे तिथलं राज्य) बायकांना कँटनच्या कारभारात मतदानाचा हक्क नव्हता! आणि कायद्याने नवरा हाच कुटुंबप्रमुख. राहायचं कुठे हे त्याने ठरवायचं, बायकोने नोकरी करायची तर त्याची संमती हवी. हे मोडणारा नवा विवाह कायदा 1985 च्या सप्टेंबरात जनमताला गेला. उजव्या विचारांचे राजकारणी ख्रिस्तोफ ब्लोखर विरोधाच्या आघाडीवर, मंत्रिमंडळाच्या वतीने किल्ला लढवायला कोपबाई. जवळपास 55 टक्के लोकांनी होकार दिला, 1988 पासून कायदा लागू झाला. आणि त्याच वर्षी नवऱ्यापायी यांचं पद धोक्यात! असा योगायोग मी कथेत लिहिला असता तर तुम्हीच 'ओढूनताणून' म्हणाला असता.

अजून एक राहिलंच. या प्रकरणाची चौकशी करायला संसदेने समिती नेमली, मोरित्झ लॉयनबर्गर अध्यक्ष. समितीने खात्याची कपाटं उघडली तर आत पोलिसांनी लोकांवर गुपचूप ठेवलेल्या सुमारे 9 लाख नोंदी. मार्च 1990 मध्ये बर्नमध्ये त्यावरून मोठा मोर्चा निघाला, दगडफेकही झाली. फोनवाल्या बाई कुठच्या कुठे मागे पडल्या. यावर वेगळा लेख लिहायला घेतलाय.

'बायका आल्या की हे असं' या तुमच्या शेवटच्या वाक्याला उत्तर देत नाही; काकूंना वाचायला द्या.

मूळ लेखाच्या शीर्षकातला 'बळी' हा शब्द आज काढून टाकलाय.